गालातला कापूस आणि ठकूआत्याचं वर्तुळ

माझा आजार सगळ्यात आधी ओळखला तो एका कॅमेऱ्यानं. डॉक्टर, बायको आणि मी स्वतः, आम्ही त्याच्या मागून आलो.

मी मळवलीत अकरा बंगल्यांची देखभाल करतो. मालक मुंबईचे. शनिवारी येतात, रविवारी जातात, मधले दिवस किल्ल्या माझ्याकडे. त्यातल्या एका मॅडमनी व्हरांड्यात कॅमेरा बसवलाय. एका मंगळवारी दुपारी त्यांचा अंधेरीहून फोन आला. "सुरेशभाऊ, सकाळी दहापासून तुम्ही झोपाळ्यावर बसलाय. आता एक वाजला. झोपाळासुद्धा हललेला नाही. मला वाटलं कॅमेराच बंद पडला."

मी म्हणालो, "जरा पाठ दुखत होती."

पाठ दुखत नव्हती. काहीच दुखत नव्हतं, हीच अडचण होती. माझी ख्याती सांगतो, म्हणजे कळेल. आमच्या भावकीत बारशापासून मेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनापर्यंत कुठलाही कार्यक्रम असो, माईक माझ्याकडे येतो. आला नाही तर मी जाऊन घेतो. अशा माणसाला आठ महिने कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. पहाटे तीनला टक्क जाग यायची. भात समोर आला की तो चावावा लागणार, याचंच ओझं वाटायचं. शालन, म्हणजे माझी बायको, म्हणायची पित्त झालंय. गावच्या डॉक्टरांनी ताकदीची सुई दिली. एक जण म्हणाला, रिकाम्या बंगल्यात बसून बसून काहीतरी लागलंय, उतरवून घे. शालननं त्याला असं उतरवलं की तो अजून आमच्या गल्लीतून जात नाही.

निदान

मॅडमनीच पुण्यातलं एक मोठं क्लिनिक सुचवलं, वेळ घेऊन दिली, आणि "हे माझ्याकडून" म्हणून तिथली एक खास तपासणीही बुक केली. माणूस चांगला. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे माझा आवाज चढणार आहे.

क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत बसलेले सगळे दुसऱ्यासाठी आलेले असतात, हे मला तिथं कळलं. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी पेपर एवढा तोंडाजवळ धरलेला की त्यांना अक्षरं दिसत असतील का, अशी शंका यावी. पेपर खाली आला तेव्हा तो कामशेतचा ओळखीचा दुकानदार निघाला. तो म्हणाला, "मेहुण्याला आणलंय." मी म्हणालो, "मीही." दोघांचेही मेहुणे शेवटपर्यंत आले नाहीत. पुढं दर पंधरा दिवसांनी आम्ही भेटत राहिलो. तिसऱ्या वेळी त्यानं माझ्यासाठी शेंगदाण्याची पुडी आणली. आजारपणात ज्यांनी मला तारलं, त्यांत ती पुडी आहे.

डॉक्टर तरुण होते, शांत होते. "याला नैराश्य म्हणतात. हा आजार आहे. बरा होतो." इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. मला रडू आलं. डॉक्टरांनी कागदी रुमालांचा डबा पुढं सरकवला आणि एक गोळी लिहून दिली.

मग म्हणाले, आता घराण्याचा नकाशा काढू. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, आणि ज्याला मनाचा त्रास झाला असेल ते काळं करायचं.

आठ महिने गप्प असलेल्या माणसाला घराण्याच्या गोष्टी विचारल्या. मी सुटलोच. आजोबा, म्हणजे भिवाआबा, वर्षभर कुणाशी बोलले नव्हते, फक्त बैलाशी बोलायचे. डॉक्टरांनी चौकोन काळा केला. ठकूआत्या नदीत गेली. सगळे सांगतात पाय घसरला, पण आई म्हणायची घसरायला तिचा पाय काही नवखा नव्हता. वर्तुळ काळं. एक चुलते लग्नातून उठून लोहगडवाडीला चालत गेले आणि तिथंच राहिले. अर्धा काळा. ज्या गोष्टींवर आमची भावकी पोट धरून हसली किंवा पदर डोळ्याला लावून बसली, त्या सगळ्या अर्ध्या तासात पेनाच्या शाईखाली गेल्या. आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. श्रोता चांगला मिळाला होता.

त्यानंतर एका मुलीनं गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली आणि सहा पानी इंग्रजी कागद पुढं केला. मी सही केली. अकरा बंगल्यांची कुरिअर, गॅस, पाण्याचा टँकर, सगळ्यांवर दिवसभर माझीच सही असते. माझा हात कागद दिसला की वाचायला थांबत नाही.

अहवाल

महिन्याभरानं मॅडमचा फोन. "सुरेशभाऊ, घाबरू नका हं. तुमची रिस्क मध्यम आहे."

बुकिंग त्यांच्या नावावर होतं, म्हणून अहवाल आधी त्यांच्या मेलवर गेला. माझं डोकं माझ्याआधी अंधेरीत वाचलं गेलं. त्याच आठवड्यात त्यांनी पोहण्याच्या तलावाच्या पंपाची किल्ली दुसऱ्याकडे द्यायला सांगितली. "तुमच्या काळजीपोटी." बारा वर्षं तो पंप मी लावलाय. तलावात बुडण्याइतकं पाणीही नसतं त्यांच्या.

अहवाल चकचकीत होता. हिरवे, पिवळे, लाल रकाने. कुठली गोळी मला मानवेल ते त्यात लिहिलं होतं. जी मानवेल म्हणून लिहिली होती, ती मी महिनाभर खातच होतो. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी नुसतं माझ्याकडं बघून दिलेली. तोंड कोरडं पडायचं, पण भात चावता यायला लागला होता. काही लोकांना पाच-पाच गोळ्या बदलूनही गुण येत नाही, त्यांना अशी तपासणी उपयोगी पडत असेल, तर जरूर पडो. माझी तक्रार हिरव्या रकान्याबद्दल नाही.

माझी तक्रार पुढच्या पानांबद्दल आहे. तिथं लिहिलं होतं, "आनुवंशिक कल". खाली मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती. ती मला माझ्या मुलीनं, प्रणालीनं, वाचून दाखवली. तुमच्या लोकसमूहाची माहिती आमच्याकडे अपुरी आहे, त्यामुळे अंदाज चुकू शकतो. म्हणजे आमच्यासारख्यांची तपासणी त्यांनी फारशी केलेलीच नव्हती. शिंप्यानं दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवावा आणि तो बसला नाही की अंगाला दोष द्यावा, तसं. ती ओळ मुंगीएवढी, आणि "मध्यम ते जास्त" हे शब्द बोटभर उंच.

आणखी सांगतो. भिवाआबा वर्षभर बोलले नाहीत ते कुठलं वर्ष? ज्या वर्षी जमीन धरणात गेली ते. नकाशात धरणासाठी चौकोन नव्हता. ठकूआत्या नदीच्या त्या खोल काठावर का गेली होती? कारण वरचा उथळ घाट आमच्या वस्तीला बंद होता. घसरली असो की उडी मारली असो, त्या काठावर जायला तिला तिच्या रक्तानं सांगितलं नव्हतं, गावानं सांगितलं होतं. गावाचं वर्तुळ कोण काळं करणार?

जन्मावरून माणूस ठरवायचा नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी आमच्या आबांनी छप्पन साली धर्म बदलला. आणि त्यांचा नातू पुण्याला एसीत बसून पुन्हा जन्माचाच दाखला घेऊन आला. वर सहीसुद्धा करून आला.

पण हे शहाणपण मला नंतर सुचलं. आधी मी काय केलं ते सांगतो.

डोहाळजेवण

प्रणाली इंदुरीला दिलेली. जावई नितीन तळेगावच्या कारखान्यात आहे. तिला सातवा महिना लागला, तसं विहीणबाईंनी डोहाळजेवण ठेवलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जेवण झालं की आम्ही तिला मळवलीला घेऊन यायचं असं ठरलेलं. आम्ही जीप घेऊन गेलो होतो. शालननं मागच्या सीटवर दोन उशा रचल्या होत्या.

मला बरं वाटायला लागून दीडच महिना झाला होता. बऱ्या झालेल्या माणसाला आपण बरे झालोय हे दाखवायची फार हौस असते. ओटी भरून झाली, बायका हसत होत्या, आणि कुणीतरी म्हणालं, "सुरेशभाऊ, लय दिवसांत तुमचं काय ऐकलं न्हाई."

एवढं पुरे होतं. मी अहवालाचीच नक्कल केली. "मंडळी, आमच्या घराण्याचा आता फोटो निघालाय! भिवाआबा काळे, ठकूआत्या काळी, मी पिवळा. आणि शेवटच्या पानावर ऑफर आहे, घरच्यांचीही तपासणी करून घ्या, सवलत मिळेल!" लोक हसले. मी आणखी रंगवलं. गालात कापूस कसा फिरवतात, डोळे कसे मोठे करतात.

विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी ताटं उचलली, आत गेल्या, आणि निघायच्या वेळी दारात उभ्या राहिल्या.

"भाऊ, एक इचारू? हे बाळात येतं का?"

"अहो नाही, ते आपलं गमतीनं..."

"तुमीच म्हनला न्हव? आबाला, आत्याला, तुमाला. मंग पोरीला? मंग बाळाला?" त्यांचा आवाज चढला नव्हता. भ्यालेल्या माणसाचा आवाज चढत नाही. "आन तुमच्या घरात तिला ठिवायची. तुमाला कुटं बिघडलं, काय झालं, तर मी कुनाला तोंड दाखवू? सवलत हाय म्हनला ना? तिचीबी तपासनी करा. कागद बगू. मंग न्या."

नितीन म्हणाला, "आई, असं काय करतेस?" पण तो चपला बघत म्हणाला.

आम्ही दोन उशा घेऊन परत आलो. घरात शिरल्यावर शालन म्हणाली, "डॉक्टरला सांगा, आजार डोक्यात न्हाई, तोंडात आहे. तोंडाची गोळी द्या म्हणावं."

माझी भित्री सूचना

दुसऱ्या दिवशी मी प्रणालीला फोन केला. आणि जे म्हणालो ते लिहिताना आजही लाज वाटते. म्हणालो, "देऊन टाक ना बाळा. गालात काडीच तर फिरवायची आहे. दात घासल्यासारखं."

ती म्हणाली, "बाबा, कागद चांगला आला तर तुम्ही एकटे वाईट ठरता. वाईट आला तर माझं बाळ वाईट ठरतं, जन्मायच्या आधी. मग तो कागद कुणाच्या उपयोगाचा?"

"विहीणबाईंचं समाधान..."

"आणि पुढच्या वर्षी दुसरा कागद मागतील. मी काडी लावणार नाही. आणि तुम्ही मला विचारलं होतं का, भरल्या घरात सांगायच्या आधी? ठकूआत्याला विचारलं होतं?"

फोन ठेवला तिनं. मी पायरीवर बसलो. पुन्हा ते जुनं जडपण यायला लागलंय असं वाटलं, तेव्हा शालननं हातात भाजीची जुडी दिली. "बसायचंच तर मेथी निवडा." ही माझी दुसरी डॉक्टर. हिच्याकडे माया आणि छडी दोन्ही आहेत.

मेथी निवडता निवडता मला एक गोष्ट कळली, आणि ती कळल्यावर मी स्वतःवर असा चिडलो की निम्मी मेथी देठांत गेली. बारा वर्षांत मालकाचा फोन आल्याशिवाय मी एकाही बंगल्याचं फाटक उघडलेलं नाही. मालकाचा सख्खा भाऊ फाटकाशी अर्धा तास ओरडत उभा होता, तरी नाही. आणि क्लिनिकमध्ये मी मेलेल्यांची, जिवंतांची, अजून न जन्मलेल्यांचीही दारं उघडून दिली. एकालाही न विचारता. ती घरं माझी नव्हती. मी फक्त त्यांच्यातलाच एक होतो.

कापूस परत मागितला

सोमवारी मी पुण्याला गेलो. काउंटरवर म्हणालो, "माझी सही मागे घ्यायची आहे. आणि घराण्याचा नकाशा फाडायचा आहे."

मुलगी गोड होती. "सर, सॅम्पल आम्ही नष्ट करू शकतो. पण तुमचा डेटा नाव काढून पुढे संशोधन-भागीदारांना गेलाय. तो परत येत नाही."

"कुठं गेलाय?"

"ते सांगता येत नाही, सर. पान चार, तुम्ही संमती दिली आहे."

"मराठीत होतं का पान चार?"

"तसं कुणी मागत नाही, सर."

मागायला ते मराठीत मिळतं हे माहीत तर पाहिजे! नैराश्यानं ज्याला जेवायचं की नाही हे ठरवता येत नाही, त्याच्यापुढं सहा पानं इंग्रजी ठेवता, आणि तो 'संमती' देतो? चोरानं झोपलेल्या माणसाचा अंगठा उठवून घ्यावा, तसली ती संमती. मी तिथं ओरडलो. सगळं क्लिनिक बघत होतं. कामशेतचा दुकानदारही होता, त्यानं पेपर खाली घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, "बरोबर बोलतोय हा. माझंही बघा काय काय पाठवलंय ते. मी मेहुण्यासाठी आलेलो नाही, माझ्यासाठीच आलोय."

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी मला आत नेलं, पाणी दिलं, आणि माझ्या फाइलमधला नकाशा माझ्या हातात दिला. म्हणाले, "हे मी आधी समजावून सांगायला हवं होतं." त्यांनी चूक कबूल केली, याचा मान ठेवतो. पण नष्ट झाल्याचा कागद यायला सात आठवडे लागले. गेलेलं कुठं गेलं, ते आजही मला माहीत नाही. माझी ठकूआत्या कुठल्या तरी देशात, नाव काढून, काळं वर्तुळ होऊन बसलेली आहे.

इंदुरी

रविवारी मी आणि शालन इंदुरीला गेलो. मी ठरवलं होतं की भांडायचं नाही, विनवायचंही नाही. चहा झाल्यावर मी खिशातून कोरा कागद आणि पेन्सिल काढली.

"विहीणबाई, तुमचं माहेर सांगा."

"कशापायी?"

"बाळ अर्धं तुमच्याकडचं आहे. नुसतं आमचंच कसं बघायचं?"

त्यांना ते पटलं असावं. मी वर्तुळं, चौकोन काढत गेलो. वडील, भाऊ, बहीण. मग आईचं वर्तुळ.

"आई कशानं गेल्या?"

"म्हातारपनानं."

नितीन भोळेपणानं बोलून गेला, "आजी म्हणजे ती हात धुवायची तीच ना? दिवसभर हात धुवायची, पार कातडं सोलायचं. भांडी पुन्हा पुन्हा मोजायची."

"गप रं!"

माझी पेन्सिल त्या वर्तुळावर होती. विहीणबाईंनी माझं मनगट धरलं.

"काळं करनार व्हय तुमी तिला?"

"मी नाही करणार. पण ते करतात."

"माझी आई..." त्यांनी मनगट सोडलं नाही. "माझी आई सुईन होती, भाऊ. चार गावांची बाळंतपनं केली तिनं. ती येडी न्हवती. हात धुयाची म्हनून तिच्या हातच्या एकाबी बाळाची बेंबी पिकली न्हाई. ह्ये कुटं लिवायचं ह्या कागदात?"

"जागा नाही त्याला," मी म्हणालो.

प्रणाली दारात उभी होती, पोटावर हात ठेवून. कुणी तिला बोलावलं नव्हतं. विहीणबाईंनी कागद माझ्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि चुलीत टाकला. मग शालनकडे वळल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ताई, खरं सांगा. गोळी रोज खात्यात का?"

"माझ्यासमोर खातात. मी तोंड उघडायला लावते."

"झोप?"

"आता घोरतात. तुमच्या सुनेला त्याचाच त्रास होईल."

"बिघडाय लागलं तर तुमाला आधी काय दिसतं?"

शालन म्हणाली, "बोलायचे थांबतात."

"मंग थांबले की मला फोन करायचा. मी तासात येती, रिक्षा करून." मग मला म्हणाल्या, "मला भ्या वाटतंय, भाऊ. अजूनबी वाटतंय. पर घेऊन जा तिला."

मलाही भीती वाटत होती. तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग बरंय, दोघं सावध राहू.

प्रसूतिगृह

हे मी का लिहितोय? ज्यांच्या घरात पहाटे तीनला कुणी टक्क जागं असतं, त्यांनी कॅमेऱ्याची वाट बघू नये, म्हणून. डॉक्टरकडे जा. गोळी लागली तर घ्या, मी अजून घेतो. तपासणी सांगितली तर विचारा: याशिवाय गोळी देता येणार नाही का? अहवाल कुणाच्या हातात जाईल? माझ्या भावंडांबद्दल, पोरांबद्दल त्यात काय निघेल? कागद मराठीत मागा. नसेल तर सही करू नका, त्यांना मराठीत करू द्या. दवाखान्यापुढं आवाज चढवणं म्हणजे आजार वाढला असं नसतं. मला तर त्या दिवशी परत येताना भूक लागली होती.

आणि लपवायचं का? यावर माझं आणि शालनचं भांडण व्हायचं. डोहाळजेवणानंतर मी कानाला खडा लावला होता की यापुढं कुठंही, कुणालाही, एक अक्षर नाही.

मग प्रणालीला तळेगावच्या प्रसूतिगृहात नेलं. कळा अजून लांब होत्या. नर्स फॉर्म भरत होती. साखर? नाही. रक्तदाब? नाही. घरात कुणाला मानसिक आजार?

विहीणबाई बाकावर होत्या, शालन होती, नितीन होता. मी भिंतीकडं बघायला लागलो.

प्रणाली नर्सकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. "सांगू का, बाबा?"

कॅमेऱ्यापासून त्या क्षणापर्यंत मला कुणी हे विचारलेलं नव्हतं.

मी म्हणालो, "सांग."

"वडिलांना नैराश्य होतं," ती नर्सला म्हणाली. "उपचार चालू आहेत, बरे आहेत. बाळंतपणानंतर मला काही वेगळं वाटलं तर मी सांगेन. तुम्हीही माझ्याकडं लक्ष ठेवा."

नर्सनं मान हलवली, लिहून घेतलं, आणि मान वर न करता पुढचा प्रश्न विचारला, शेवटचं जेवण किती वाजता झालं.